शांघायची उचकी

ॲन आर्बर, डिसेंबर १९८५

तीर्थरूप अण्णा,

'तीर्थरूप' लिहिलं आणि पेन थांबलं. पत्राचे सगळे मायने तुम्ही शिकवलेत. गेलेल्या वडिलांना काय लिहायचं, तेवढं राहिलं. चुकलं असेल तर माफ करा.

आज चीनचे फोटो धुऊन आले. दोन महिने शेवटचा रोल कॅमेऱ्यातून काढायचं धाडसच झालं नव्हतं. बसस्टॉपवर, बर्फातच पाकीट फोडलं, तिसरा फोटो पाहिला आणि बस सोडून दिली. तेव्हाच ठरवलं, आज तुम्हाला लिहायचं. शिवाय तुमची ताकीद होतीच: "काय पाहिलंस, काय खाल्लंस, सविस्तर कळव. 'मजा आली' हे वाक्य चालणार नाही." उशीर झाला, पण कळवते.

आधी बीजिंग. (माहीत आहे! "माझ्या नकाशात पेकिंग आहे, तू पेकिंगच लिही.") परिषद दोन दिवसांत संपली आणि मी आणि आमच्या लॅबमधला नागपूरचा नंदन, दोघं दुभाष्या मिस लिनबरोबर फिरायला निघालो. सम्राटाच्या राजवाड्यात मी एक अंगण पावलांनी मोजलं, तुम्हाला लांबी सांगायची म्हणून. दम्यामुळे चौथीपर्यंत शाळेत न घालता जिला तुम्ही स्वयंपाकघरात नकाशा पसरून शिकवलंत, ती मुलगी चीनच्या भिंतीवर चढली, अण्णा. दम लागला नाही. हे तुम्हाला कळायला हवं होतं.

खाण्याची मात्र फजिती. ही मांस खात नाही, असं मिस लिन रोज बजावून सांगायची आणि रोज हिरव्या पालेभाजीवर खिमा भुरभुरून यायचा. "हे मांस नाही," ती समजूत घालायची, "हे चवीपुरतं."

"खा यार," नंदन म्हणायचा, "आपण नाही का हिंग घालत!"

मी काड्यांनी एकेक कण बाजूला काढायची. सगळ्यांची जेवणं व्हायची, माझं निवडणं संपायचं नाही. तुम्ही हसला असतात ना?

शांघायला नदीकाठ पाहून संध्याकाळी साडेसहाला एका जुन्या खाणावळीत गेलो. परदेशी पाहुण्यांना माडीवर वेगळी खोली. वाफवलेले बन आले, बिनमांसाचं टोफू आलं. म्हटलं, आज सुखाने जेवेन. पहिला घास घेतला आणि उचकी लागली. थांबेचना.

"नावं घे, नावं!" नंदन ओरडला. "आई?"

घेतलं. हिक्.

"मावशी? बॉयफ्रेंड?"

"गप रे!" हिक्.

"मग साताऱ्याची मतदारयादीच वाच."

कोणीतरी आठवण काढतंय, त्याचं नाव घेतलं की उचकी थांबते, हे मिस लिनला समजावून सांगितलं. तिला ते पटलं. थर्मासमधलं गरम पाणी माझ्यापुढे ठेवत तिने सहज विचारलं, "वडिलांचं नाव घेतलंस?"

मी हसले. म्हटलं, "ते नसणार. त्यांचा विश्वास नाही."

तेवढ्यात नंदनने माझ्या कॅमेऱ्याने फोटो काढला. तिसरा फोटो तो. हातात कप, डोळ्यांत पाणी, आणि मी हसतेय.

लहानपणी तुम्ही वहीत लिहून दिलं होतंत: 'उचकी म्हणजे श्वासपटलाचे आकुंचन. आठवणीशी संबंध नाही.' मी ते पाठ केलं. तुम्ही सांगितलेलं मी कधी मोडलंय का? म्हणून तुमचं नाव कधीच घेतलं नाही. त्याही दिवशी नाही.

मग आम्ही कँटनला गेलो. चहाघरात बसलो, बोटीतून हिंडलो. तुमच्यासाठी चहाचा डबा घेताना दुकानदाराला खुणेने सांगितलं, कडक हवा, वडिलांना कडक लागतो. तेव्हा तुम्ही नव्हतात, अण्णा. मी नसलेल्या माणसासाठी चहा निवडत होते, आणि मला आतून काहीच कळलं नाही!

इथे अमेरिकेत परत पोचल्यावर माझी रूममेट कॅरल तार हातात धरूनच दारात उभी होती. तार आठवडाभर जुनी. तिथली हॉटेलं ऐनवेळी ठरायची, म्हणून घरी फक्त शहरं आणि तारखा कळवल्या होत्या, पत्ता देता आला नव्हता. त्याबद्दल स्वतःला माफ करायचा प्रयत्न करते. जमत नाही.

मागून आईचं पत्र आलं. तुम्ही त्या उचकीच्याच दिवशी दुपारी साडेचारला गेलात. शांघायला तेव्हा सात वाजले होते. अडीच तासांचा फरक. मी रोज पुन्हा मोजते, रोज तेच उत्तर येतं. आई लिहिते, त्याआधी तुम्ही नकाशा मागितलात, शांघायवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "उचकी लागली असेल बघ तिला."

तुम्ही? तुम्ही असं म्हणालात?

मग आधी का नाही सांगितलंत, की मनातून तुमचाही थोडा विश्वास आहे? एकदा तरी वहीत ती ओळ खोडायची होती! मी घेतलं असतं नाव. तुम्ही थांबला नसतात, ते मला कळतं. विज्ञान तुम्हीच शिकवलंत. पण हाकेला ओ दिली असती. मिस लिनला सुचलं ते मला का सुचू नये?

चहाचा डबा फळीवर आहे, न उघडलेला. कॅरल दोनदा विचारून गेली.

उद्या उघडेन. आणि एक वचन देते. यापुढे उचकी लागली की पहिलं नाव तुमचं घेईन. थांबली नाही, तरी दुसरं नाव घ्यायची घाई करणार नाही.

तुमची,
माधू