बोटांचं मी बघतो

३ फेब्रुवारी, सोमवार

दुसऱ्या खेपेचे चोवीस उंदीर झाले, आठ उरले. मान कामातून गेली. जाळीच्या पेटीखाली डोकं घालून बसायचं, खालून उंदराच्या तळपायाला नायलॉनचा केस टोचायचा आणि तो पाय झटकतो का ते बघायचं. झटकला तर दुखतंय. नाही झटकला तर नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी, नावामागे डॉक्टर लावून, हे माझं काम! "उंदरांना गुदगुल्या करतोस ना अजून?" असं ताई विचारते, ते काही खोटं नाही.

या सगळ्या उंदरांना मी तेच औषध दिलंय जे ताईला कॅन्सरवर चालू आहे. त्याने गाठ मरते, पण हातापायांच्या नसांभोवती सूज येते, नसा मरायला लागतात, आधी साधा स्पर्शही दुखतो, मग बोटं बधिर होतात. निम्म्या उंदरांना त्याच्या जोडीला आमचं नवं औषध — सूज उतरवून नसा वाचवणारं. कुणाला दिलंय हे मला कळता कामा नये, म्हणून ती यादी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या कपाटात. पहिल्या खेपेची यादी जानेवारीत उघडली तेव्हा आमच्या मॅडम चक्क हसल्या होत्या. आमचं औषध घेतलेल्या उंदरांचे पाय जवळजवळ शाबूत!

त्याच संध्याकाळी ताईला फोन केला. तिचे दोन डोस झाले होते. डॉक्टर म्हणत होते, बोटं बधिर होतायत, तिसऱ्यापासून डोस थोडा कमी करू. मी म्हणालो, कमी अजिबात करू नकोस. गाठीवर पूर्ण मारा होऊ दे. बोटांचं मी बघतो.

शब्द अन् शब्द आठवतोय. बोटांचं मी बघतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ताईच्या दुकानात डोकावलो. बाबा गेल्यापासून घड्याळदुरुस्ती तीच बघते, वीस वर्षं झाली. डोळ्याला भिंग लावून एक स्क्रू चिमट्यात धरत होती. तीनदा निसटला. मी उचलायला वाकलो तर म्हणाली, "राहू दे, तुला दिसायचा नाही."

स्क्रू धरलाय की सुटलाय हे आता बोटांना कळत नाही म्हणे, डोळ्यांनी बघावं लागतं. उद्या चौथा डोस. विचारलं, "पूर्ण घेतेयस ना?"

"ते होईल रे. तू उंदरांचं सांग."

सांगत बसलो. तासभर! वर्षभरात बाजारात औषध आल्यासारखाच बोलत होतो मी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मावशींनी पायाखालची वाळूच सरकवली. पिंजरे साफ करणाऱ्या मावशी — माझे आकडे टिपून घ्यायलाही त्याच बसतात. चहा पिता पिता, अगदी सहज: "साहेब, पिवळ्या पोटाचे तुमचे लाडके दिसतात."

कोण पिवळ्या पोटाचे?

"काहींचं पोट पिवळं असतं की. मुताने डाग पडतात. त्यांनी पाय हलवला की तुम्ही म्हणता, चालला, मोजू नका. पांढऱ्यांनी हलवला की म्हणता, झटकला, लिहा."

हसलो. मग हसू जिरलं. आमचं औषध पिवळं आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वही काढली, एकेक उंदीर उचलून पोट बघितलं. 'चालला, मोजू नये' हा शेरा एकतीस वेळा. त्यातले सव्वीस पिवळ्या पोटांचे.

अठरा वर्षं हेच करतोय. दुसऱ्यांच्या लेखांवर लांबलचक शेरे मारतो — मोजणाऱ्याला गट माहीत होता काय, खुलासा करावा. आणि मी स्वतः पेटीखाली बसून, वर बघत, रोज ती पोटं बघत होतो. मुद्दाम नाही केलं. मुद्दाम केलं असतं तर निदान कळलं तरी असतं.

मला ते औषध लागू पडायला हवं होतं. ताईसाठी हवं होतं. बस.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईचे दोन फोन. उचलले नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

मॅडमना सांगितलं. उभ्यानेच. वाटलं होतं झापतील. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्या खेपेतही असंच?" मी हो म्हणालो. या निकालांवरचं वीस तारखेचं भाषण त्यांनी माझ्यासमोरच रद्द केलं.

आता सगळे बत्तीस पुन्हा मोजायचे. मी नाही. शेजारच्या प्रयोगशाळेत डोळ्यांवर काम करणाऱ्या बाई मोजतील, लाल दिव्यात. लाल उजेडात पिवळं न् पांढरं सारखंच दिसतं. इतकं साधं! दोन रुपयांची अक्कल मला दोन वर्षं सुचली नाही.

ताईला सांगायला हवं. आज नको.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आत जायला मला बंदी. बाहेर येरझाऱ्या. पाणी पिऊन आलो, परत आलो, पुन्हा पाणी. मावशी म्हणाल्या, "बाळंतपण आहे का साहेब आत?"

चौथा डोसही तिच्या अंगात गेलाय. पूर्ण. माझ्या शब्दावर. त्या बोटांवर तिचं दुकान आहे. दुकानच काय, ती आहे. गाठ गेली आणि बोटंही गेली, तर ती माझ्याकडे बघून काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही. त्याचीच धास्ती वाटते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यादी उघडली.

सूज खरंच उतरली आहे, सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतं. पण नसा दोन्ही गटांत तितक्याच मेल्यात, आणि पाय झटकण्यात काडीचा फरक नाही. मॅडम म्हणाल्या, "हेही छापू. सूज गेली तरी नस वाचत नाही, हे कुणालातरी कळायला हवं." बरोबर बोलल्या. मला नीट ऐकूही येत नव्हतं.

आणि लागू पडलं असतं तरी? उंदरापासून माणसापर्यंत यायला दहा वर्षं. हे मी ताईला एकदाही सांगितलं नाही. रोज फोन करून उंदरांचं सांगितलं, हे नाही सांगितलं.

उद्या. नक्की.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एका दमात सांगून टाकलं. माझ्या शब्दावर दोन डोस पूर्ण घेतलेस, मी चुकलो, माफ कर. ताईने भिंग काढलं. म्हणाली, "पूर्ण कुठले? तिसऱ्या वेळेलाच कमी करून घेतला. डॉक्टरांचं ऐकू की तुझ्या उंदरांचं?"

मग रोज उंदरांचं विचारायचीस कशाला?

"आधी तुझा महिना महिना फोन नसायचा."