रोबोट असता तर?

२९ ऑगस्ट २००६, चंद्रपूर

आज माझ्याच टेबलावर ताराबाई गेल्या. दुर्बीण घालताच दिसलं, पित्ताशय कुजून फुटलं होतं. पोट उघडावंच लागलं. त्यांचे यजमान लच्छूभाऊ यांनी पेपरात रोबोटच्या ऑपरेशनचं वाचलेलं.

"डॉक्टरबाई, रोबोटनं केलं असतं त वाचली असती का?"

"नाई भाऊ. पित्ताशयाले रोबोट काय न दुर्बीण काय, सारखंच. लवकर आणाले पायजे होतं."

लवकर. त्यांच्या गावचा, भामरागडचा रस्ता नऊ दिवस पाण्याखाली होता, मला ठाऊक होतं. तरी लवकर म्हणाले. का म्हणाले मी?

ताराबाईंना घरी जाताना नेसायला आणलेलं लुगडं लच्छूभाऊंनी माझ्या हातात दिलं.

"तुमीच नेसवून द्या तिले."

नेसवलं. रडू आलं नाही. निऱ्या मात्र तीनदा सुटल्या.