बांधावरची सरू

पेण, १९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
प्रणितचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं भांडणाशिवाय संपत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या लेखक-प्रतींच्या गठ्ठ्यातच घालून पाठवतोय. आपल्या 'अवस' मासिकाचा दिवाळी अंक संपला. माझ्यासाठी कपाटात ठेवलेली प्रतसुद्धा काल नाशिकच्या एका गृहस्थांनी गोड बोलून नेली. आपले वाचक तुला माहीतच आहेत. जुनी भुताखेतांची पॉकेटबुकं जमवणारी माणसं ही. एक प्रत वाचायला घेतात आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडता ठेवायला. टपालात कोपरा दुमडला म्हणून एकाचा फोन आला, तर आवाज असा की मला वाटलं घरात कोणी गेलंय. पण या वेळी हवा तसा पिवळट कागद मिळाला, आकारही खिशात मावेल असा, आणि मुखपृष्ठ नितेशनं हातानं रंगवलं. तो गणपतीच्या कारखान्यात डोळे आखतो ना, त्यामुळे तुझ्या भुताला डोळे गौरीचे आलेत. लोकांना नेमकं तेच आवडलं.

आणि तुझी गोष्ट! अवसेला खाडीच्या बांधावरून हाका मारणारी ती सरू सगळ्यांच्या मानगुटीवर बसलीय. जो तो विचारतो, पुढं काय? मी शब्द देऊन बसलोय की पुढचा अंक सरू विशेषांक. नितेशचं दुसरं चित्र सुरूही झालं, आणि तुझी एक ओळ नाही. मला एका जागी बसवत नाही. छापखान्यात जातो, उगाच शाईचे डबे इकडचे तिकडे करतो, परत येतो. तुझी भाचरं मलाच भूत म्हणायला लागलीत.

निडीहून कोणा बाईचा दोनदा फोन आला होता. गोष्ट लिहिणाऱ्या बाई कुठं राहतात, एवढंच विचारलं. वाचक असेल.

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस, आणि गोष्ट लवकर पाठव.

तुझा,
प्रणित


वरसे, रोहा, २५ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणित यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अंक मिळाले. कोपरे दुमडलेले नाहीत, तेव्हा रडू नकोस.

पुढची गोष्ट होत नाही रे. रोज कागद घेऊन बसते आणि उठून भांडी घासते. हे म्हणाले, या महिन्यात आपली पातेली जेवढी लख्ख आहेत तेवढी लग्नातही नव्हती. काय अडतंय ते मलाही नीट सांगता येत नाही. सरू माझी नाही, आजीची. उधाणात बांध फुटला, सरू वाहून गेली आणि आता अवसेला हाका मारते, एवढंच आजी सांगायची. तेही आपण दोघं गप्प झोपावं म्हणून. बाकी सगळं मी रचलं. ती उंची, ते डाळिंबी लुगडं, कमरेखाली आलेले केस, हनुवटीवरचा तीळ. नाव तेवढं खरं राहून गेलं, आणि आजोळच्या बांधाचं वर्णनही. बदलायला हवं होतं असं आता वाटतं.

निडीची बाई कोण ते विचारून घे, आणि माझा पत्ता दे. उगाच जीव खालीवर होतोय.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, तू फक्त अंगाला लावून घे.

तुझी,
ताई


पेण, २ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ती बाई काल इथं येऊन गेली. तुझा पत्ता दिला नाही, का ते पुढं वाच.

तिचं नाव सगुणा. निडीच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. नवऱ्याचं नाव मिथुन, तो कंपनीत कामाला. त्याच्या शिफ्टमधला एकजण आपले अंक घेतो, त्याच्याकडून तिनं वाचायला आणलेला. कापडी पिशवीतून अंक काढून तिनं टेबलावर ठेवला आणि म्हणाली की ती सरूची मुलगी.

ताई, मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. मी माफीचे शब्द जुळवून ठेवले होते. पण ती भांडायला आलीच नव्हती. आई गेली तेव्हा ती मांडीवरची. बापानं दुसरं लग्न केलं, मामानं निडीला आणून वाढवलं. मामा आईचं नाव काढलं की उठून जायचा, आणि आता तोही नाही. आईचा एक फोटो नाही. तिनं अंकात बोट ठेवून विचारलं, की हा हनुवटीवरचा तीळ खरा का? तिला बघितलेलं कोण भेटलं तुम्हाला?

आणि मी हो म्हणालो. म्हणालो, खरा आहे, आमच्या आजीनं बघितला होता.

दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. तिनं स्वतःच्या हनुवटीला हात लावला. मग नितेशच्या मुखपृष्ठाचं मूळ चित्र मागितलं. मी दिलं. पदराखाली धरून नेलं तिनं, लेकरू न्यावं तसं.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. जेवताना उठतो, दार उघडून बघतो, परत बसतो. पण ती सुखानं गेली गं. तू काही बोलू नकोस. राहू दे तिच्याकडे तेवढं.

चुकलो असेन तरी तोडू नकोस.

तुझा,
प्रणित


वरसे, १६ डिसेंबर २०२४

चि. प्रणित यास,
आशीर्वाद, रागासकट.

राहू दे म्हणे! लेकीच्या हाती परक्या बाईचं तोंड देऊन मोकळा झालास. तुझं पत्र वाचलं आणि मला घरात थांबवेना. गाडी धरून निडीला गेले.

सगुणा अंगणवाडीत तांदूळ निवडत होती. मी लिहिणारी म्हटल्यावर तिनं हात पुसून मला बसायला पाट दिला. तिच्या हनुवटीवर तीळ होता. म्हटलं, देवा, हे काय! सगळं सांगून टाकलं. उंची माझी, केस माझे, तीळ माझा. तिनं ऐकून घेतलं. मग पदराच्या टोकानं हनुवटी पुसली, आणि तीळ गेला. काजळाचा होता. म्हणाली, रोज सकाळी आरशात बघून लावते.

त्या वेळी जमीन दुभंगली असती तर मी आत गेले असते.

मग ती चिडली, आणि बरं झालं चिडली. म्हणाली की खोटी कशी होती ते सांगायला एवढ्या लांब आलात, मग खरी कशी होती ते कोण सांगणार? तुमच्याच आजोळची होती ना ती?

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही दोघी आजोळी गेलो. सरू वाहून गेली त्या दिवशी बांधावर असलेल्यांतली आता कृष्णाबाई एकटीच उरलीय. तिला मुखपृष्ठ दाखवलं तर बोळक्या तोंडानं हसत सुटली. ही कोण गो, म्हणाली, सरू नाय ही. सरू बुटकी, काळी, दात पुढं, आणि हसली की तिकडच्या मिठागरात ऐकू जायची. सगुणाला जवळ ओढून तिनं तिचे कान बघितले आणि म्हणाली, कान तिचेच हायेत.

आणि सरू भुतांना भ्यायची, प्रणित. एवढी, की दिवे लागल्यावर परसात जायलाही कृष्णाबाईला सोबत न्यायची. त्या दिवशी उधाणानं बांधाला खांड पडली तेव्हा भात पोटरीला आलं होतं. खारं पाणी आत शिरलं असतं तर सगळ्या गावाचं पीक गेलं असतं. बायका ओळीनं उभ्या राहून चिखलाच्या पाट्या पुढं देत होत्या. तिन्हीसांज झाली. तान्ही पोर आहे, तू घरी जा, असं सगळ्यांनी तिला सांगितलं. ती गेली नाही. भीती वाटू नये म्हणून मोठमोठ्यानं हळदीचं गाणं म्हणायला लागली, तेही बेसूर. बायका चिखलात उभ्या राहून हसत होत्या. तेवढ्यात तिच्या पायाखालची कड सुटली.

कृष्णाबाई म्हणाली की हाकाबिका कोण मारत नाय. गाणं मध्येच तुटलं, ते आमच्या कानात राहिलं. लोकांनी त्याची हाक केली.

भुतांना भिणाऱ्या बाईचं आपण भूत केलं रे.

 येताना गाडीतून उतरताना सगुणा म्हणाली की हे लिहा. सोबत पाठवतेय. यात भूत नाही, आणि दुसरी गोष्ट मी देणार नाही. छापायचं की नाही ते तू ठरव, मासिक तुझं आहे.

राग निवाला की माया पुन्हा वर येईल, काळजी करू नकोस.

ताई


पेण, २८ डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं लिखाण छापखान्यात उभ्यानंच वाचलं. छापतोय.

वर्गणीदारांना कळवून टाकलं, की सरूची दुसरी गोष्ट येणार नाही, तिची खरी हकिकत येईल. नाशिकचे गृहस्थ म्हणाले, खरंच वाचायचं तर वर्तमानपत्र काय वाईट? यापुढं अंक पाठवू नका म्हणाले. आणखीही बरेच गेले. मासिक उन्हाळ्यापर्यंत टिकेल का, मला माहीत नाही, आणि ते मनातून जातही नाही. पण एका जुन्या वाचकाचा फोन आला. त्यांना दोन प्रती हव्यात, आणि दोन्ही उघडणार म्हणाले.

नितेशनं अर्धं झालेलं चित्र पुसलं. रोज येऊन छळतो, दात किती पुढं, पाटी कुठल्या खांद्यावर. आता त्यानं बायकांची ओळ काढलीय, त्यात एकीचं तोंड गाताना उघडं आहे. डोळे या वेळी गौरीचे नाहीत.

निडीला जाऊन सगुणाची माफी मागितली.  तिनं चहा ठेवला. पहिलं चित्र तिनं मला परत दिलं नाही. म्हणाली, ही माझी आई नाय, पण आता हिला घराबाहेर कसं काढू?

माझ्यावरचा राग निवालाय का, ते दोन ओळींत कळव. नाही लिहिलंस तर मीच येऊन बसेन.

तुझा,
प्रणित


निडी, ९ फेब्रुवारी २०२५

सौ. प्रतिक्षाताईंना,
सगुणाचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाय, चुकलं तर समजून घ्या. अंक आला. मिथुननं मोठ्यानं वाचून दाखवला, शेजारच्या बायापण येऊन बसल्या. गाण्याशी आल्यावर त्याला पुढं वाचवेना, मग मी वाचलं. कृष्णाबाईला एक अंक नेऊन दिला. तिला वाचता येत नाय, पण चित्रातल्या बायांवर बोट ठेवून एकेकीचं नाव सांगत बसली.

तुमच्यावर अजून मधूनमधून राग येतो. तुम्ही आला नसता तर तो तीळ माझ्याकडे राहिला असता. ते खोटं नाय सांगत. तरी पण तुम्हाला बोलावते. शिमग्याला या, भावाला पण आणा.

एक सांगायचं होतं. माझी पिंकी आठ वर्षांची हाय. अंधाराला फार भिते. परसात जायचं तर कोणीतरी पाहिजे, नायतर मोठमोठ्यानं गात जाते. सासू म्हणायची, ही अशी भित्री कोणावर गेली? मी पण तिला रागवायची. मला सांगता येत नव्हतं.

आता सांगते.

आमची आठवण ठेवा.

तुमची,
सगुणा