तपकिरी काचेचा गॉगल

७ नोव्हें. २००५, सोम.
आज परत बॉल खांद्याच्या हाडावर. मायने हळद-तेल लावलं, तरी ठणकतंय. आमच्या ग्राउंडवर बॅटिंग पश्चिमेकडून, म्हणजे चार वाजता सॉफ्टबॉलच्या सगळ्या फिल्डरच्या तोंडावर सूर्य. बॉल वर गेला की उन्हात हरवतो, परत दिसतो तो अंगावर आल्यावरच. अर्चनाचं बरं आहे. डॉक्टरांची लेक, मामाने पुण्याहून गॉगल आणलाय, खेळाडूंचा, कानापर्यंत वळलेला. पाच उंच बॉल, पाच कॅच. मी म्हटलं, सर, ऊन डोळ्यात येतंय. तर सर सगळ्यांसमोर, "नाचता येईना अंगण वाकडं." पोरी हसल्या, ती नाही हसली. हसली असती तर बरं झालं असतं.
यापुढे इथे तिला नुसतं अ. लिहिणार. पूर्ण नाव लिहायला हात जात नाही.

९ नोव्हें.
सरांनी सांगून टाकलं. विद्यापीठाच्या निवड चाचणीला लेफ्ट फिल्डसाठी कॉलेजातून एकच नाव जाणार. अ. किंवा मी. २८ला दुपारी दोघींना उंच बॉल मारून ठरवणार.
शाळेपासून लेफ्ट फिल्ड माझं आहे. ही मागच्या वर्षी वसमतला आली. आली अन् लगेच... जाऊ दे.

११ नोव्हें.
आजोबांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा पेटीतून काढला. मागून नाडी बांधून ग्राउंडवर नेला. सूर्य गेला, पण त्याच्यासोबत बॉलही गेला. पोरी ओरडत होत्या, "आजी, हळू पळा, पडताल!"
अ. म्हणाली, "माझा घालून बघ की एकदा."
"नको. मला डोळे येतील."
तिला डोळे आलेले नाहीत, हे मला दिसत होतं. तिलाही कळलं असणार. तरी समजावत बसली, "घेतलास तर पोलराइज्डच घे. तो नुसता काळा नसतो, चकाकी कापतो. आभाळ गडद दिसतं अन् बॉल उठून दिसतो." बोलता बोलता काच पुसत होती. पुसायचा तो मऊ रुमालही गॉगलसोबतच आलेला. माझ्याकडे ग्लोव्ह पुसायला जुना परकर.

१३ नोव्हें., रवि.
दादाच्या सवारीच्या जीपमध्ये वारंगा फाट्याला. दादा म्हणाला, "गॉगल माझ्याकडून. पण नाव निघालं पाहिजे."
ढाब्याच्या बाजूला गॉगलवाल्याची फळी. खेळाडूंचे दोनच निघाले. एक निळा, आरशासारखा. दुसरा तपकिरी, साधासुधा. गॉगलवाला म्हणाला, "दोन्ही पोलराइज्ड हायेत, ताई. माल बराबर हाय."
आधी तपकिरी घातला. डोळ्याला एकदम गार वाटलं. डांबरावरची चमक गेली. पण ढाब्यासमोर उभ्या कारच्या मागच्या काचेवर जांभळे-निळे डागच डाग. गॉगल काढला तर काच स्वच्छ! मग किती वाजले बघावं म्हणून दादाचा हात ओढला. त्याचं डिजिटल घड्याळ जरा वाकडं झालं अन् काळं ठिक्कर, आकडे गायब. गॉगलवाल्याने स्वतः घालून बघितलं, तोंडच उतरलं बिचाऱ्याचं. "माल खराब आला वाटतं. न्हाई ताई, हा मी तुमाला देत न्हाई."
दादा म्हणे, "घड्याळ दिसंना, त्यातून बॉल काय दिसणार?"
निळ्यातून घड्याळ कसंही धरलं तरी छान दिसलं. निळा घेतला. येताना जीपमध्ये घालूनच बसले. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "डोळे आले काय ग लेकरा?" आणि पदर तोंडाला लावून सरकली. घरापर्यंत ऐसपैस जागा मिळाली.

१६ नोव्हें.
निळा गॉगल सगळ्यांना आवडला, एका बॉलला सोडून. तीन सुटले. काच वरून आरसा, आतून नुसतं निळं पाणी. सूर्य होता तिथेच.
माय म्हणाली, "पी हळद अन् हो गोरी, असं कुठं असतंय व्हय? चार दिस वापर तर खरं."
अ.ने विचारलं, कुठून घेतलास? वारंगा फाट्याहून, म्हटलं. खोटं सांगायला हवं होतं.

१८ नोव्हें., शुक्र.
आज अ. सहज म्हणाली, "खरा ओळखायची सोपी युक्ती आहे. डिजिटल घड्याळ समोर धर अन् मान वाकडी कर. आकडे काळे पडले तर पोलराइज्ड. कारच्या मागच्या काचेवर डाग दिसतात, ते पण खऱ्यातूनच. तुझ्यात पडतंय ना काळं?"
"पडतंय की."
तिने परत विचारलं नाही. निळा उचलूनही बघितला नाही.
म्हणजे खरा मी डोळ्यावर घातला होता. आणि खराब म्हणून परत दिला. मी, दादा अन् गॉगलवाला, तीन शहाणे.

२० नोव्हें., रवि.
परत फाट्याला. तपकिरी नाही!
"कालच गेला, ताई. बारीक केसांची पोरगी डॉक्टरसायबासंगं आली होती. मी सांगितलं, हा खराब हाय, एका ताईनं घड्याळ बघून वापस दिला. तर ती हसाय लागली अन् तोच घेऊन गेली."
एक असताना दुसरा! मी टाकलेलासुद्धा तिलाच पाहिजे. आणि हसली. जळते आहे मी. लिहून ठेवते, जळते आहे.

२३ नोव्हें., बुध.
निळा घरीच ठेवला. उघड्या डोळ्यांनी, हात आडवा धरून खेळले. राग इतका की सूर्याकडे लक्षच गेलं नाही. चार घेतले, एकच सुटला. अ.नेही चारच घेतले. पाणी पिताना कोणीतरी म्हणालं, "अर्चनाच्या हातात काय हाय? कॅच तर गॉगल घेतो." सगळ्यांत मोठ्याने मी हसले. ती बुटाची नाडी बांधत होती.

२७ नोव्हें., रवि.
अ. घरी आली. पहिल्यांदाच. मायने चहा ठेवला, बाजेवर चादर बदलली. अ.ने पिशवीतून तपकिरी गॉगल काढून माझ्यासमोर ठेवला.
"हा घाल उद्या."
"मला नको तुझी दया."
"दया कुठली? सगळे म्हणतात माझा गॉगल कॅच घेतो. तू पण हसलीस, मी बघितलं. बुधवारी तू उघड्या डोळ्यांनी चार घेतलेस, मला रडू आलं घरी जाऊन. उद्या तुझ्या डोळ्यावर पण असाच गॉगल पाहिजे. मग बघू."
बदल्यात तिने निळा मागितला, नुसता फिरायला. लगेच घालून आरशात बघितलं. तिला तोही माझ्यापेक्षा चांगला दिसतो. ती गेल्यावर माय म्हणते, "किती गुणाची पोरगी हाय!"
तपकिरी घालून दारात उभी राहिले. दादाचं घड्याळ समोर धरलं, मान वाकडी केली. काळं ठिक्कर. आभाळ गडद, लिंबावरचा कावळा वेगळा उठून दिसत होता. इतके दिवस हिला हे असं दिसत होतं.
घालून जिंकले तर तिच्यामुळे. न घालता हरले तर माझ्या हट्टामुळे. आणि घालूनही हरले तर मग अंगण वाकडं म्हणायचीसुद्धा सोय उरली नाही.
गॉगल ग्लोव्हमध्ये ठेवलाय. उद्या चार वाजता.