तिची ओंजळ

जालना, मंगळवार

कोर्टाच्या बाकावरच्या खिळ्याने माझी नवी पँट फाडली. न्यायसंस्थेविरुद्ध दाद मागायची तरी कुठे?

घटस्फोट मंजूर झाला. तरी रिबेका दाराशी थांबलेली.

"कोर्टानं सोडलं, तू न्हाई. आपल्या यहुदी धर्माची फारकत तूच माझ्या ओंजळीत द्यायची. त्याबिगर सिनेगॉगमध्ये माझं दुसरं लग्न लागत न्हाई."

"मंग कोर्टालाच सांग."

"लग्नाच्या केतुब्यावर सही कोर्टानं केल्ती का?"

लग्नात तो करारनामा घ्यायलाही तिने ओंजळच केली होती, मेंदीने लाल. तीन वर्षं अडवलं मी तिला. कशासाठी? मागायला तरी येते म्हणून.

आत्ताच मुंबईच्या रब्बींना फोन केला. "फारकत लिहायला घ्या. मी येतो."

तिला एवढंच कळवलं, गुरुवारी ओंजळ पुढे कर.