एका कढईचा गुरुवार

प्रिय रितिका,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. रजत रविवारी पारशिवनीला तुझ्या माहेरी येतो आहे, त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू, माझ्या दोन जुन्या सुती साड्या आणि हे पत्र पाठवते आहे. साड्या बाळाच्या दुपट्यांसाठी. लाडू बाळ झाल्यावरच खायचे, तोवर डब्याला हात लावायचा नाही. पत्र मात्र लगेच वाच, आणि एकटीनेच वाच. फोनवर बोलले असते, पण तुमच्याकडे फोन आला की तो स्पीकरवर जातो, मग तुझी आई, तुझी काकू आणि शेजारून जी कोणी आली असेल ती, सगळ्या मिळून मला विचारतात की नागपूरला थंडी पडली का. आणि खरं सांगायचं तर आपलं फोनवरचं बोलणं 'जेवली का' आणि 'पाय सुजले का' याच्यापुढे कधी गेलेलंच नाही.

रजतकडून कळलं की सोमवारी तू कंपनीला राजीनामा पाठवणार आहेस. तो कोणामुळे, हे त्याने सांगितलं नाही, पण मी काही दुधखुळी नाही. डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी तू बॅग भरत होतीस आणि मी दारात उभी राहून म्हणाले होते, "लेकरू झालं का नोकरी सोडून दे पोरी. तू सात वाजता घरी येशीन, मंग रांधीन कोन अन् त्याले पाहीन कोन?" तू "बरं आई" म्हणालीस. मग घडी घातलेला ड्रेस उलगडलास आणि परत तशीच घडी घातलीस. हिंगण्याच्या कारखान्यात तू तपासणीला असतेस, तुझी सही झाल्याशिवाय तिथून एक खोकं बाहेर पडत नाही, हे रजत येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचा. त्या दिवसापासून त्याने ते सांगणं बंद केलं आहे. राजीनाम्याबद्दल मला बोलायचंच आहे. पण आधी पास्त्याचं ऐक, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही.

आपल्या घरी संध्याकाळच्या ताटात वरण, भात, भाजी आणि तव्यावरून उतरलेली गरम पोळी हवीच. हा नियम मी केलेला नाही, पण इतकी वर्षं राबवला मात्र मीच. तू कंपनीच्या बसमधून उतरायचीस, पर्स खुंटीला लावायचीस आणि तशीच कणकेत हात घालायचीस. फक्त गुरुवारी तुझी आणि रजतची ती पास्त्याची एक कढई असायची. मी समोरच्या खोलीतून तुला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "मैद्याच्या नळ्या खाऊन पोट भरते का कोनाचं!" तरी तू एक वाटी माझ्यासाठी झाकून ठेवायचीस. शुक्रवारी सकाळी मी ती भांडी घासायला येणाऱ्या प्रेमिलाला द्यायचे आणि तुला सांगायचे की मला असलं पचत नाही. आता खरं सांगते. मागच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी तुम्ही दोघं जेवून गच्चीवर गेलात, तेव्हा मी ती वाटी ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ली. सगळी खाल्ली, बोटाने पुसून. मग वाटी धुऊन पालथी घातली आणि सकाळी तुला सांगितलं की प्रेमिलाला दिली. चांगला होता पोरी. माझा सगळा राग त्याचाच होता, की तो इतका चांगला होता.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी हे, म्हणजे तुझे सासरे, ताटावर बसले आणि पोळी मोडता मोडता म्हणाले, "आज गुरुवार हाय न वं? मंग ते नाही का?" मी विचारलं, कोणतं ते? तर म्हणाले, "ते, नळीवालं." म्हणजे हेसुद्धा तुझ्या कढईतलं चोरून खात होते आणि माझ्यासमोर वरणभाताची तारीफ करत होते. मला हसावं की रागवावं ते कळेना. मी म्हटलं, त्यात काय एवढं, पुढच्या गुरुवारी मी करते. बत्तीस वर्षं या घरात रांधते आहे, नळ्यांना काय घाबरायचं?

पाकीट फोडून पाहिलं तर नळ्या खडखडीत वाळलेल्या. आता वाळलेली वस्तू शिजवायची म्हणजे आधी भिजवायची, हे मला कोणी शिकवायला नको. साबुदाणा भिजवतो, वाल भिजवतो, हरभरे भिजवतो. मी त्या दोन पाण्यांतून धुतल्या, सकाळी दहाला पातेलंभर पाण्यात घातल्या, वर ताट झाकलं आणि भजनाला निघून गेले. संध्याकाळी ताट काढलं तर नळी एकही नाही. नुसता पांढरा गोळा, हात घातला तर हाताबरोबर वर येणारा. रजत ऑफिसातून आला, पातेल्यात डोकावला आणि म्हणाला, "आई, हे काहून भिजवलं?" मी म्हटलं, "नरम व्हावं म्हनून." तो ओट्याला टेकून असा हसायला लागला की हेल्मेट काढायचं विसरला. टाकून देववेना. मग त्यात कांदा, कोथिंबीर, बेसन घातलं आणि वडे तळले. यांनी सहा खाल्ले आणि विचारलं, की पास्त्याचे वडे बाहेर केवढ्याला मिळतात.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तुला फोन करून विचारावं असं मनात आलं होतं. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मोडेन पण विचारणार नाही. मी नुसतीच ओट्याशी उभी राहिले आणि तू काय काय करायचीस ते आठवू लागले. अगं, सगळं आठवलं. अडीच वर्षं मला वाटत होतं की मी तुझ्याकडे बघतही नाही. तू आधी तेलात लोण्याचा तुकडा सोडायचीस, म्हणजे लोणी करपत नाही. मग ठेचलेला लसूण, मग कांदा, मग टमाटे अगदी गळेपर्यंत. आणि मग तो कोरडा पास्ता तसाच कढईत. ते करताना माझा हात अडला, कच्ची वस्तू न धुता, न उकडता घालायची म्हणजे काय? पण घातला. भाताला घालते तसं बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी, मीठ, झाकण. झालं.

चुकलं ते मिरचीत. तुझी ती पाकिटातली कुटलेली मिरची संपली होती, आणि भिवापूरच्या लेकीने दुकानातून मिरची विकत आणायची म्हणजे माहेराचं नाक कापायचं. माझा भाऊ जितेंद्र दरवर्षी आपल्या शेतातली मिरची पाठवतो, त्यातल्या नऊ काढल्या, तव्यावर भाजल्या आणि बियांसकट खलबत्त्यात कुटल्या. रंग असा आला की बघत राहावं. पहिला घास घेतला आणि रजतला उचकी लागली. यांच्या डोळ्यांतून धारा, तरी चमचा खाली ठेवेनात. "जबरदस्त तिखट झालं वं," म्हणाले, "पन सोडवत नाही." आता यावर उपाय काय, तर साय. फ्रिजमध्ये पंधरा दिवसांची साय साठवली होती, तुझ्या लाडवांच्या तुपासाठी. ती काढली आणि अर्धं भांडं कढईत ओतलं. रजत ओरडला, आई, लाडू! मी म्हटलं, लाडवांना महिना आहे, तुझा बाप आत्ता रडून राहिला. आणि रितिका, सायीने त्या मिरचीचा जो काही रंग झाला आणि जी काही चव आली, ती तुझ्या पाकिटातल्या मिरचीला सात जन्मात यायची नाही. हे मी सासू म्हणून नाही सांगत, भिवापूरची म्हणून सांगते. तूप नंतर वेगळं दूध घेऊन कढवलं, लाडवांत काही कमी पडलेलं नाही.

परवाच्या गुरुवारी मात्र सगळं जमलं. मिरच्या तीनच, बिया झटकून. साय आधी दुधात फेटून घेतली, शेवटी किसलेलं चीज. कांदा रजतने चिरला. इतका वाईट चिरला की एक फोड डाळीएवढी आणि दुसरी लाडवाएवढी, पण चिरला. एकतीस वर्षांचा घोडा, आणि त्याच्या हातात मी परवा पहिल्यांदा विळी नाही तर नाही, निदान सुरी दिली. यात त्याची चूक नाही, माझी आहे. हे घड्याळ घेऊन उभे होते, कारखान्यात सुपरवायझर असताना उभे राहायचे तसे, आणि झाकण काढताच जाहीर केलं, "बावीस मिनिटं." तिघं कढईभोवती बसलो आणि कढई खरवडून खाल्ली. त्यानंतर जे झालं ते तुला खोटं वाटेल. हे उठले, कढई उचलली आणि बेसिनकडे निघाले. मी हातातून घ्यायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. एकच त हाय." आतून घासली, बाहेरून काळी ठेवली, तरी मी ती तशीच पालथी घातली. मला इतकं बरं वाटत होतं की मी दाराआड जाऊन हसून घेतलं.

ओटा पुसून झाला तेव्हा पावणेआठ वाजले होते. मला काय करावं ते सुचेना. या घरात येऊन पावणेआठला माझे हात रिकामे आहेत, असं कधी झालंच नव्हतं. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. समोरची कामिनी लगबगीने फाटकाशी आली आणि विचारू लागली, "काय झालं काकू, तब्येत बरी नाही काय?" तिने मला त्या वेळी पायरीवर कधी पाहिलंच नव्हतं, बिचारीचं काय चुकलं? मी म्हटलं, बरी आहे, जेवण झालं आमचं. ती गेली आणि मी तिथेच बसून राहिले. थंड वारा होता, कोणाच्या तरी घरी पोरं पाढे म्हणत होती. ते पाढे ऐकता ऐकता मला जे आठवलं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. रजतलाही माहीत नाही, यांना माहीत आहे पण बहुधा विसरले असतील.

लग्नाआधी मी डी.एड. केलं होतं, हे तू ऐकलं आहेस. पण मी नोकरी केली होती, हे नाही ऐकलंस. लग्नाच्या वर्षीच मला शहरातल्या एका शाळेत नेमणूक मिळाली, दुसरीचा वर्ग. अकरा दिवस गेले मी. चाळीस पोरांची नावं मला चौथ्या दिवशी पाठ झाली होती, आणि त्यातली बरीचशी अजून आहेत. शाळा पाचला सुटायची, घरी यायला सव्वासहा व्हायचे. अकराव्या दिवशी माझ्या सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू नोकरीले गेली त रांधीन कोन?" आवाज चढवला नाही त्यांनी, वाईट नव्हत्या त्या. मी "बरं" म्हटलं. तुला दारात उभी राहून मी जे म्हटलं ना, ते माझं नव्हतंच पोरी, त्यांचं होतं, ते मी इतकी वर्षं माझं समजून सांभाळून ठेवलं होतं. मला त्याची फार लाज वाटते आहे. बाळाला दिवसा आम्ही दोघं बघू, यांनी झोळीसाठी कडी कधीच ठोकून ठेवली आहे. संध्याकाळचं बघायला घरात तीन धडधाकट माणसं आहेत, गरम पोळी ज्याला हवी त्याने लाटायची. सासूबाईंना "बरं" म्हटलं त्याच रात्री मी माझा राजीनामा लिहिला, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी तो वाचला आणि म्हणाल्या, अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं. बाकी कोणी काहीच म्हटलं नाही, माहेरी नाही, सासरी नाही. एका माणसाने जरी मला म्हटलं असतं की नको लिहूस, तर मी लिहिला नसता. म्हणून मी हे पत्र लिहिते आहे. नको लिहूस, रितिका.

तुझीच,
आई