तीन मजली रान

प्रिय भावोजी,

तुम्ही गेल्यावर तरी तुमच्या रानातून माझी सुटका होईल असं वाटलं होतं. कसली सुटका! काल ताईचा फोन आला. आपल्या डोंगरावरच्या ऑस्ट्रेलियन बाभळी तोडून झाल्या, आणि तुमचे थोरले बंधू काजूची कलमं घेऊन तयार बसलेत. ताईने त्यांना सांगितलंय, सुनीलला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

मला? मी एसी मेकॅनिक, मला झाडातलं काय कळतं हो?

दोष तुमचाच. साईटवरची जुनी ड्रॉइंग आपण इथे दोहाच्या खोलीत जेवायला अंथरायचो. दर शुक्रवारी जेवण झालं की तुम्ही ती उलटी करून रान आखायला बसायचात. एसीच्या डक्टिंगचे फोरमन ना! रानसुद्धा बिल्डिंगसारखं. टॉप फ्लोअरला ऐन नि किंजळ, मधे कोकम, ग्राउंडला करवंद. “पूर्वी होतं तेच परत आणायचं. बाहेरचं एक झाड नको!” आपल्या खोलीतला खेडचा जावेदभाई विचारायचा, “लिफ्ट कुठे ठेवलीत?”

आणि त्या आठळ्या! रानफणसाच्या बिया, ताईने खास रुजवण्यासाठी पाठवलेल्या. एसीच्या पाण्यावर वाढवून बघणार होतात. दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाची पाळी तुमची, आणि आठळ्या आमटीत! “राहवलं नाही रे,” म्हणालात. वर पापडही मागितलात!

एकदा मी म्हटलं, “भावोजी, हे रान वाढेपर्यंत आपण असणार कुठे?” तुम्ही म्हणालात, “नसणारच. म्हणून तर आत्ता ठरवून ठेवतोय.” तेव्हा मी हसलो होतो. फार आठवण येते हो तुमची.

असो. आज थोरल्यांना फोन लावला. काजू नको, रान लावायचं, म्हटलं. ते भडकलेच. “तो गेला, त्याचं येडही गेलं! रानातून मिळणार काय?”

तेवढ्यात मागून ताई ओरडली. तीच हो, तुमच्या प्लॅनला येडेपणा म्हणणारी! “काजू तुमच्या परसात लावा, भावोजी! इथले खड्डे मी कधीच खणून घेतलेत. ह्यांनी सांगितलेले, तस्से!”

ऐकलंत?

जूनमध्ये सुट्टीवर जातोय, इन्शाल्ला. ताई लावेल, मी रोपं हातात देईन. तोवर थोरल्यांना रोज फोनवर बोलण्यात गुंतवून ठेवतो. वचन!

तुमचा मेहुणा,
सुनील
अल मन्सूरा, दोहा